घर पाडा, पण माल मोडू नका

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. घर पाहावे पाडून, असे मात्र कुणी म्हणत नाही. पाडण्यात काय आहे? जेसीबी बोलवायचा, दोन-तीन तासांत सगळे सपाट करायचे, ट्रॅक्टर लावायचा आणि माल ओढ्यात नेऊन ओतायचा. झाले काम.

मंडळी, गावोगाव हेच चालले आहे. दिवाळी सरली की बांधकामाचा हंगाम सुरू होतो. कुणाचे घरकुल मंजूर झालेले असते, कुणाला पोराच्या लग्नाआधी स्लॅब टाकायचा असतो, कुणाच्या वाटण्या होऊन दोन खण वाट्याला आलेले असतात. सगळ्यांचे पहिले काम एकच, जुने घर काढणे. आणि नेमके हेच काम सर्वांत घाईने, सर्वांत निष्काळजीपणे होते. ज्या घरात आज्या-पणज्याने दगड, सागवान, कौल निवडून लावले, त्या घराचा एका दुपारी 'राडारोडा' होतो.

खरे तर राडारोडा म्हणून वेगळा माल नसतोच. माती ही माती असते, दगड हा दगड, वीट ही वीट. हे सगळे एकमेकांत कालवले की त्याचा राडारोडा होतो, आणि तो कालवतो आपणच. म्हणून या लेखात सांगायची गोष्ट एवढीच, की घर पाडू नका, उतरवा. उतरवताना माल वेगळा ठेवला तर तो माल आहे. एकदा मिसळला की तो निवडत बसणे कुणालाच परवडत नाही.

हिशेब ब्रासचा

आधी हिशेब बघा. ३० फूट लांब, १० फूट उंच आणि दोन फूट जाडीची एक भिंत म्हणजे ६०० घनफूट, म्हणजेच सहा ब्रास. ३० बाय २० फुटांच्या घराच्या चार भिंती मिळून वीस ब्रास होतात. मोडल्यावर माल फुगतो. त्यामुळे दारे-खिडक्या वजा केल्या तरी वाहून न्यायचा माल वीस ब्रासच्या वर जातो. घर माळवदाचे असेल आणि वर फूटभर मातीचा थर असेल, तर आणखी सहा ब्रास धरा.

आता दुसरी बाजू. नवे घर २० बाय २५ फुटांचे आणि जोते दोन फूट उंच धरले, तर जोत्याच्या पोटात सुमारे दहा ब्रास भराव लागतो. तो कुठून येतो? मुरमाची ट्रॉली विकत घेऊन. पायाचा दगड कुठून येतो? तोही विकत. म्हणजे ट्रॉली भरून गावाबाहेर जाते ती तुमच्या पैशाने, आणि भरून गावात येते तीही तुमच्याच पैशाने. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात मूळ साहाय्य १ लाख २० हजार रुपयांचे आहे, आणि घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे हवे. एवढ्या रकमेत गवंडी, सिमेंट, सळई, वाळू बसवताना लाभार्थ्याची काय ओढाताण होते ते सरपंच आणि ग्रामसेवक दोघांनाही ठाऊक आहे. अशा घराला पायाचा दगड, जोत्याचा भराव आणि दार-चौकट घरचीच मिळाली, तर तेवढेच कर्ज कमी.

उतरवायचे ते वरून खाली

घर बांधताना जे शेवटी लागले ते आधी निघाले पाहिजे. क्रम असा ठेवा. पहिल्यांदा वीज मंडळाला कळवून जोडणी रीतसर तोडून घ्या. भिंतीत बळद असेल तर ते रिकामे आहे का ते पाहा. बळदाची भिंत आतून पोकळ असते. तिच्यावर कुणाला चढवू नका.

मग दाराची कवाडे आणि खिडक्यांची तावदाने काढा. चौकटी मात्र एवढ्यात उपसू नका, कारण जुन्या घरात वरच्या भिंतीचा भार चौकटीवर आलेला असतो. त्यानंतर कौले किंवा पत्रे. माळवद असेल तर आधी वरची माती घमेल्याने खाली घ्या आणि मगच लाकडाला हात लावा. एक ब्रास मातीचे वजन चार टनांहून जास्त भरते. सहा ब्रासचे माळवद म्हणजे पंचवीस टनांच्या आसपास ओझे, आणि ते जुन्या तुळयांवर उभे असते. माती न काढता खांबाला दोर लावून ओढणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

छत उतरले की भिंती थराथराने वरून काढायच्या. बुडाशी पहार घालून भिंत लोटायची नाही. शेजाऱ्याची सामाईक भिंत असेल तर तिला टेकून मातीचा ढीग लावू नका. पावसात भिजलेली भिंत काढायला जाऊ नका. पोरांना लांब ठेवा, आणि दगडाच्या सांदीत हात घालण्याआधी पहारीने हलवून पाहा. जुन्या भिंतीत विंचू आणि साप असणारच.

या कामाला आठ-दहा दिवस लागतात, हे खरे. मजुरी पडते, हेही खरे. जेसीबी नकोच असे आमचे म्हणणे नाही. छप्पर, लाकूड, विटा आणि घडीव दगड माणसांनी काढावेत, मग उरलेले जोते उकरायला आणि ट्रॉली भरायला यंत्र लावावे. फक्त आधीच जागेवर चार ढीग ठरवून घ्या. एक दगडाचा, एक विटांचा, एक मातीचा आणि एक सिमेंट-काँक्रीटचा. लाकूड आणि लोखंड छपराखाली ठेवा.

लाकूड, कौल, फरशी

जुन्या घरात खरा पैसा असतो तो लाकडात. सागाची तुळई पन्नास-साठ वर्षे कोरडी राहिलेली असेल तर ती नव्या लाकडासारखी वाकत नाही की तडकत नाही. भिंतीत गाडलेली टोके मात्र तपासा. ओल आणि वाळवी तिथूनच लागते. दाभण टोचून पाहा. सहज आत गेले तर तेवढे टोक कापून टाका, बाकीची तुळई चांगली असते. खिळे उपसून घ्या, नाहीतर सुताराच्या करवतीचे दात जातात. या लाकडाच्या चौकटी, दारे, गोठ्याचे खांब होतात. जुनी नक्षीची दारे, खांब आणि दगडी तळखडे मातीमोल भावात देऊ नका. शहरात त्यांना गिऱ्हाईक आहे. दोन-तीन ठिकाणी भाव काढून मगच सौदा करा.

मंगलोरी कौले हाताने एकेक उतरवली तर बरीचशी अखंड निघतात. गोठा, कांद्याची चाळ, पंपघर यांना ती उत्तम. पत्र्यापेक्षा कौलाखाली उन्हाळ्यात जनावराला गारवा राहतो. शहाबादी फरशी कडेने पहार लावून उचलली तर अंगणाला आणि न्हाणीला पुन्हा लागते.

दगड वाईट नसतो, रचना वाईट असते

किल्लारीच्या भूकंपाची आठवण आपल्या भागात अजून पुसलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गाडली गेली. त्यानंतर लोकांनी दगडाच्या घराची धास्तीच घेतली. पण तेव्हा घरे का पडली ते नीट समजून घेतले पाहिजे. भिंती जाड होत्या, दगड गोल आणि मातीत बसवलेले होते. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिपा आणि मातीची भर. दोन्ही थरांना बांधणारा लांब दगड नव्हता. हादरा बसताच भिंती मधून उकलल्या आणि वरचे जड माळवद खाली आले.

म्हणून जुना दगड नव्या भिंतीत वापरायचा असेल तर काही गोष्टी पाळा. भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नका. दर दोन फूट उंचीला आणि दर चार फूट लांबीला भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घाला. तेवढा लांब दगड नसेल तर तिथे काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्या. कोपऱ्यात लांब दगड एकावर एक आलटून-पालटून बसवा. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीला सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटची पट्टी फिरवा. आणि मातीचे जड माळवद पुन्हा वर चढवू नका.

घरच्या भिंतीत नको असेल तर दगडाला इतर कामे भरपूर आहेत. पाया, जोते, विहिरीचे कडे, गोठ्याची फरसबंदी, शेताच्या बांधाला पाणी काढून देणारी सांडव्याची जागा. आपल्या शेतातली घळ वाहत असेल तर उताराला आडवे लहान-लहान दगडी अडसर घाला, माती थांबते. पण दगड स्वच्छ हवा. त्यात माती-सिमेंटचा चुरा असेल तर पहिल्याच पावसात तो वाहून खाली जातो.

विटेची परीक्षा

माती किंवा चुन्यात बसवलेली वीट हातोडीच्या हलक्या ठोक्याने मोकळी होते. सिमेंटमधली वीट मात्र सिमेंट सोडत नाही, स्वतःच फुटते. त्यामुळे घर १९७०च्या आधीचे असो की नंतरचे, विटा कशात बसवल्या आहेत ते आधी दोन विटा काढून पाहा आणि मग ठरवा. एक ब्रास वीटकामात सुमारे चौदाशे विटा असतात. त्यातल्या निम्म्या जरी अखंड निघाल्या तरी सातशे विटांची खरेदी वाचली.

जुनी वीट चांगली की वाईट? दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज आला पाहिजे. दुसरी परीक्षा पाण्याची. कोरडी वीट तोला, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढले तर वीट कच्ची. म्हणजे तीन किलोची वीट तीन किलो सहाशेच्या पुढे गेली तर ती भिंतीत घालू नका. चांगली वीटही बांधण्याआधी नीट साफ करून भिजवून घ्यायची, नाहीतर ती नव्या मालातले पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो.

फुटक्या विटा टाकून देऊ नका. स्लॅबवर पाण्याचा निचरा नीट व्हावा म्हणून कोबा करतात, त्याला विटांचे तुकडेच लागतात. घरापुढे शोषखड्डा करायचा तर तळाशी मोठे दगड, मध्ये विटांचे मोठे तुकडे आणि वर बारीक तुकडे असे थर द्या. चुरा आणि माती मात्र चाळून काढा, नाहीतर खड्डा लवकर तुंबतो. पक्क्या भाजलेल्या विटांचा चुरा म्हणजेच आपली जुनी सुर्खी. चुन्यात सुर्खी मिसळून पूर्वी मोठमोठी कामे झाली. कर्नाटकातले कृष्णराजसागर धरण चुना-सुर्खीत बांधलेले आहे. गावातले जुने देऊळ किंवा बारव दुरुस्त करताना सिमेंट थापण्यापेक्षा ही सुर्खी कामी येते.

माती: शेतात कोणती, जोत्यात कोणती

मातीच्या भिंतीची माती जोत्याच्या भरावाला चालते. त्यातला काडीकचरा आणि लाकडाचे तुकडे वेचून काढा, नाहीतर नव्या घरात वाळवीला आपणच निमंत्रण दिले असे होईल. सहा-सहा इंचांचा थर टाकून पाणी मारून धुम्मस करा. एकदम दोन फूट माती टाकून वर फरशी घातली की वर्षभरात फरशी खचते. काळी माती मात्र भरावाला नको. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ज्या भिंतीला लोणा लागून पापुद्रे निघत होते, तिची माती पुन्हा भिंतीत वापरू नका. लोणा मातीबरोबरच येतो.

जुन्या गोठ्याच्या जमिनीत आणि भिंतीच्या बुडाशी वर्षानुवर्षे शेण-गोमूत्र मुरलेले असते. ती माती खताच्या खड्ड्यात थरांनी टाका. घरच्या पांढऱ्या मातीच्या ट्रॉल्या मात्र डोळे झाकून शेतात ओढू नका. तिच्यात क्षार असू शकतात. आधी नमुना माती परीक्षणाला द्या आणि मग ठरवा. आणि एक विनंती. आपल्या घराची माती वापरा, पण गावाची जुनी पांढर किंवा गढी पोखरायला जाऊ नका. तेरसारख्या गावात पांढरीच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तू सापडल्या आहेत. तो सगळ्या गावाचा ठेवा आहे.

प्लॅस्टर, सिमेंट आणि चुन्याचा चुरा शेतात नको म्हणजे नकोच. आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या जमिनींत चुनखडी आधीच जास्त आहे. त्यात चुन्याची आणखी भर पडली की पिकाला लोह मिळत नाही, पाने पिवळी-पांढरी पडतात आणि उसावर केवडा दिसू लागतो. मग त्याच शेतात फवारणीवर पैसे घालावे लागतात.

हायवेलगतच्या शेतकऱ्यांनी जास्त सावध राहावे. 'तुमचा खड्डा फुकट भरून देतो' असे सांगत शहराकडून डंपर येतात. फुकटच्या त्या भरावात काच, प्लॅस्टिक, थर्माकोल, पीओपी, रंगाचे डबे काय काय असते. टाकणारा निघून जातो. काढायचा खर्च मात्र सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याचा.

काँक्रीटचे तुकडे

स्लॅबचे घर पाडले तर निघणाऱ्या काँक्रीटची खडी होऊ शकते. दिल्लीत बुराडीला २००९ पासून असा प्रकल्प आहे. २०१६ साली भारतीय मानकातही (आयएस ३८३) अशा खडीला जागा मिळाली. बेड काँक्रीटसारख्या कमी ताकदीच्या कामात ती पूर्णपणे चालते, आणि एम २५ पर्यंतच्या आरसीसीत वीस टक्क्यांपर्यंत. पण ही परवानगी तपासलेल्या मालाला आहे. घणाने अंगणात फोडलेली खडी स्लॅबमध्ये आणि कॉलममध्ये घालू नका. तिची जागा फरशीखाली, गोठ्याच्या जमिनीखाली आणि पाणंद रस्त्याच्या तळाला. पाणंदीत टाकताना सळयांचे तुकडे, खिळे आणि काच वेचून घ्या आणि वर मुरूम दाबा. नाहीतर ट्रॅक्टरचे टायर आणि बैलाचे खूर दोन्ही जातील.

हे पुन्हा वापरू नका

निघालेल्या सळया ठोकून सरळ करून नव्या स्लॅबमध्ये घालणारे आहेत. हे करू नका. वाकवून सरळ केलेल्या, गंजलेल्या सळईचा भरवसा नसतो. ती भंगारात द्या, नाहीतर कुंपणाला वापरा.

राखाडी रंगाचे जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे फोडू नका, करवतीने कापू नका, त्यांचा चुरा भरावात घालू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि त्यांची धूळ फुप्फुसात बसते. पाणी मारून, नाका-तोंडाला चांगले आवरण बांधून, अखंडच उतरवा. जुन्या ऑइलपेंटचे लाकूड चुलीत जाळू नका. रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून आला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, आणि त्या धुराचा त्रास घरातल्या लहान मुलाला पहिल्यांदा होतो.

ग्रामपंचायतीने काय करावे

आता सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींसाठी. पाडकामाच्या मालाविषयी केंद्राचे नियम २०१६ मध्ये आले. माल काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-चुना असा वेगळा करावा, ही चार ढिगांची गोष्ट त्यातही आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये नवे नियम जाहीर झाले आणि अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठेवली गेली. त्यांचा रोख मोठ्या बांधकामांवर आहे. पण गावाला त्याची वाट पाहायची गरज नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे रस्त्यावरचा आणि सार्वजनिक मोकळ्या जागेवरचा अडथळा काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहेच.

मुद्दा दंडाचा नाही, सोयीचा आहे. बांधकामाचा अर्ज आला की एक प्रश्न विचारा, 'जुन्या घराचा माल कुठे टाकणार?' ग्रामसभेत ठराव करून ओढा, नाला आणि पडकी विहीर यांत माल टाकायला मनाई करा, आणि त्याच ठरावात पाणी न अडणारी एक जागा ठरवून द्या. जागा न देता मनाई केली तर लोक रात्री टाकतील. कार्यालयात एक नोंदवही ठेवा. कुणाकडे दगड आहे, कुणाला भराव हवा आहे. एकाच आळीत एकजण माती फेकतो आणि दुसरा विकत आणतो, ते केवळ एकमेकांना ठाऊक नसते म्हणून.

शाळेच्या निर्लेखित वर्गखोल्यांचेही असेच होते. लिलाव घेणारा पत्रे, लाकूड, लोखंड नेतो आणि ढिगारा शाळेच्या मैदानात सोडून जातो. त्यावर पोरे खेळतात. लिलावाच्या अटींतच जागा साफ करून देण्याची अट घाला, आणि ती पुरी होईपर्यंत अनामत परत करू नका.

ओढ्याचे का एवढे, असे कुणी विचारेल. चार ट्रॉल्या टाकल्या तर उन्हाळ्यात काही दिसत नाही. पण जूनमध्ये पाणी येते तेव्हा तो माल मोरीच्या नळ्यांत अडकतो. पाणी काठ फोडते आणि ज्याने काही टाकले नाही त्याच्या शेतातली माती घेऊन जाते. मग बांधावरून भांडणे, तहसीलला अर्ज, पंचनामे. एका घराचा राडारोडा दुसऱ्याच्या घराची बाकी होऊन बसतो.

तेव्हा या हंगामात जेसीबीवाल्याला फोन लावण्याआधी एक करा. आपल्या गवंड्याला बरोबर घ्या, वही-पेन्सिल घ्या आणि जुन्या घरातून एक चक्कर मारा. तुळया किती, चौकटी किती, दगड किती ब्रास, माती किती ब्रास, सगळे लिहून काढा. मग नव्या घराच्या यादीशी ती यादी ताडून पाहा. किती गोष्टी दोन्ही याद्यांत सापडतात ते तुमचे तुम्हालाच दिसेल.